बोटाला कळतंय की

पहाटेचे चार. निपाणी तालुका, वेदगंगेच्या काठावरचं गुऱ्हाळ. चुलवाणात चिपाडं भसाभस जळतायत, काहिलीत रस उकळतोय, भेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते आणि गुळव्या (गूळ शिजवणारे) मामा ती झाऱ्यानं काढून टाकतात. चुना किती? रसाचा रंग बघून.

आता फेसाकडं बघा. आधी दूध उतू यावं तसा चढतो, मग बसतो, मग बुडबुडे जाड होऊन फट्‌ फट्‌ फुटायला लागतात. आम्ही थर्मामीटर नेलेला, ११८ अंशाच्या आसपास पाक उतरवतात असं वाचून गेलेलो. काटा तिथं आला तरी मामा हलेनात. "काटा बरोबर हाय, पण ह्यो ऊस खारवट रानातला हाय." थोडा पाक गार पाण्यात सोडला, बोटात गोळी वळली, घमेल्यावर आपटली. आवाज मऊ आला. अजून नाही.

कशावरून म्हणता मामा? "बोटाला कळतंय की."

माणसाला सांगता येतं त्यापेक्षा जास्त माहीत असतं, असं मायकल पोलान्यी १९६६ साली लिहून गेला, तो मूळचा रसायनशास्त्रज्ञ, पण गुऱ्हाळ काय त्यानं बघितलं नसणार. चॅटजीपीटीसारखं एआय शिकतं ते मुख्यतः लिहिलेल्या मजकुरावरून, पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत, आणि मामांनी आख्ख्या आयुष्यात गुळावर एक ओळ लिहिलेली नाही. कॅमेरा लावा, सेन्सर लावा, रंग आणि उष्णता मोजता येईलच, पण नेमकं मोजायचं काय हे आधी कुणीतरी सांगायला पाहिजे ना, आणि मामांना तेच सांगता येत नाही. शिवाय आदण, म्हणजे काहिलीतला रस, बिघडलं तर शिव्या मामांनाच बसतात, मशीनला कोण बोलणार?

मामांचं बोलणं आम्ही एका ॲपला लिहून काढायला दिलं. चुलवाणावरचा गडी कन्नड बोलणारा, त्याला मामा ओरडतात "साकु!", म्हणजे बास, जाळ थांबव. ॲपनं लिहिलं, "सखू." सहा वेळा सखू. आमच्याकडं मराठी-कानडी एकाच वाक्यात येतं हे त्याला कुणी सांगितलंच नसावं.

पट्ट्यातली बरीच गुऱ्हाळं बंद पडलीत, मामांचा पोरगा पुण्यात नोकरीला आहे.

पुन्हा गोळी. पुन्हा घमेलं. टण्ण!

"साकु!"

चौघं काहील उचलतात, पाक गार करायच्या वाफ्यात पडतो.