होय की नाही? जपानच्या टपालखात्याची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

सकाळचं वर्तमानपत्र उघडलं की आतून एक-दोन रंगीत कागद मांडीवर पडतात. कधी साड्यांचा सेल, कधी क्लासची जाहिरात, कधी गुडघेदुखीवरचं तेल. आपण ते वाचत नाही, फार तर भाजी निवडायला खाली घेतो. २००५ च्या फेब्रुवारीत जपानमधल्या घराघरांत वर्तमानपत्राच्या घडीतून असाच एक कागद बाहेर पडला. त्याच्या दीड कोटी प्रती छापल्या होत्या आणि तो सरकारने काढलेला होता. त्याच्या शीर्षकाचं मराठी करायचं तर असं होईल: 'पोस्टाचं खासगीकरण म्हणजे असं होय तर!'

आत दोन माणसांच्या गप्पा होत्या. एक टेरी इतो, टीव्हीवरचा घरोघरी ओळखीचा चेहरा. दुसरे हेइझो ताकेनाका, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि टपालाच्या खासगीकरणासाठी खास नेमलेले मंत्री. इतोने भाबडेपणाने विचारायचं, मंत्र्यांनी समजावून सांगायचं, असा सगळा थाट. खर्च सुमारे १५ कोटी येन, आणि हे काम एका छोट्या जाहिरात कंपनीला निविदा न काढता दिलेलं.

इथवर फारसं काही बिघडलं नव्हतं. सरकारं पत्रकं काढतातच. बिघडलं ते त्या कंपनीने पत्रकाआधी तयार केलेला आराखडा बाहेर आला तेव्हा. त्याच वर्षी जूनमध्ये जपानच्या संसदेत विरोधकांनी तो कागद फडकवला.

त्या कागदावर एक साधी आकृती होती. एक उभी रेघ, एक आडवी रेघ, आणि देशातली सगळी माणसं चार कप्प्यांत. आडव्या रेघेवर मोजलं होतं की माणूस सुधारणांच्या बाजूचा आहे की विरोधातला. आणि उभ्या रेघेवर? बुद्ध्यांक. होय श्रोतेहो, आय.क्यू.!

'अ' थरात यशस्वी उद्योगपती, प्राध्यापक, टीव्हीवाले आणि शहरातले नोकरदार. 'ब' थरात गृहिणी, मुलं आणि वयस्कर मंडळी. यांच्याबद्दल लिहिलं होतं की यांना नेमकं काही कळत नाही, पण पंतप्रधानांचं व्यक्तिमत्त्व आवडतं. 'क' थरात सुधारणांना विरोध करणारे जुन्या वळणाचे लोक. आणि 'ड' थरात बेकारीचा चटका बसल्यामुळे सुधारणा या शब्दालाच घाबरलेले. मोहिमेचा सगळा भर 'ब' थरावर ठेवावा, अशी शिफारस होती.

आराखडा कंपनीचा होता, मंत्रिमंडळाचा नव्हता, हे सांगायला हवं. पण ज्यांच्याकडे असा आराखडा आला त्यांनी त्याच कंपनीला काम दिलं. मला त्या बुद्ध्यांकाच्या रेघेइतकाच दुसरा एक भाग बोचतो. चार कप्पे पाडून झाल्यावर ज्यांच्या पोटावर पाय येणार होता त्या 'ड' कप्प्याशी सरकारने काय बोलावं, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा ठरलाच नाही. बोलायचं कोणाशी, तर जे आधीच अर्धे पटलेले आहेत त्यांच्याशी.

आता तुम्ही म्हणाल, पोस्ट खासगी करायचं तर एवढा खटाटोप कशाला? त्यासाठी जपानी पोस्ट म्हणजे काय प्रकरण होतं ते थोडं ऐका.

१८७१ मध्ये माएजिमा हिसोका या अधिकाऱ्याने तिथे आधुनिक टपालसेवा उभी केली. एक येनच्या तिकिटावर त्याचंच चित्र असतं. मेइजी काळातलं ते नवं सरकार, तिजोरीत खडखडाट. गावोगाव कचेऱ्या बांधायला पैसा आणायचा कुठून? मग त्यांनी गावातल्या प्रतिष्ठित माणसांना साद घातली. तुमची जागा द्या, घराचा दर्शनी भाग द्या, तुम्हीच पोस्टमास्तर व्हा. आपल्याकडे खेड्यात शाखा डाकपालाच्या घरातच पोस्ट भरतं, ते पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. फरक असा की जपानमध्ये ती खुर्ची बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. शतकभरानंतर देशातल्या चोवीस हजारांहून अधिक पोस्टांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश या प्रकारची होती. हा पोस्टमास्तर गावाचा आधार होता आणि निवडणूक आली की सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा कार्यकर्ताही. सरकारी नोकर म्हणून त्याला उघड प्रचार करता यायचा नाही, पण घरची माणसं आणि निवृत्त पोस्टमास्तर मोकळे होतेच की.

आणि पैसा! टपाल बचत १८७५ पासूनची. खेड्यात बँक नव्हती, पोस्ट होतं. आजीबाई पासबुक घेऊन जायच्या, तिथेच बचत, तिथेच आयुर्विमा. असं करत करत २००५ च्या सुमारास बचत आणि विमा मिळून साडेतीनशे लाख कोटी येनच्या आसपास रक्कम पोस्टाकडे जमली होती. जगातली सगळ्यांत मोठी वित्तसंस्था लाल पत्रपेट्यांच्या मागे उभी होती म्हणा ना. हा पैसा वर्षानुवर्षं अर्थखात्यामार्फत सरकारी महामंडळांकडे जायचा. त्यातून रस्ते झाले, पूल झाले. काही कामाचे, काही कोणाच्या तरी मतदारसंघाच्या शोभेचे.

जुनिचिरो कोइझुमींना हेच मोडायचं होतं. १९९२ मध्ये ते स्वतः टपालमंत्री झाले, तेव्हाही ते पोस्ट खासगी करा म्हणत होते. म्हणजे सासरी राहून सासरचं घर विकायची भाषा. २००१ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि पक्षातल्यांच्या पोटात गोळा आला.

या माणसाला माध्यमं कळत होती. सत्तेवर येताच त्यांनी पंतप्रधानांचं ई-मेल साप्ताहिक सुरू केलं. त्याचे वर्गणीदार वीस लाखांवर गेले, आणि तेही २००१ साली! रोज दोनदा ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून पत्रकारांना उत्तरं द्यायचे. उत्तर एका वाक्याचं, संध्याकाळच्या बातम्यांत कात्री न लावता बसेल असं. खासगी क्षेत्राला जमतं ते खासगी क्षेत्राला द्या, हे त्यांचं पालुपद. लोकांच्या मनात मात्र पोस्ट हा प्रश्न खूप खाली होता. निवृत्तिवेतनाचं काय, नोकऱ्यांचं काय, ही त्यांची काळजी होती. पोस्टाबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण पोस्ट चांगलं चालत होतं. चांगल्या चालणाऱ्या गोष्टीत बदल का करायचा, हे समजावणं भलतंच अवघड. ते पत्रक त्यासाठी होतं.

पत्रकाने किती मनं वळवली, हे कोणी मोजून सांगू शकणार नाही. माझ्या मते फारशी नाही वळवली. खरा खेळ ऑगस्टमध्ये झाला.

५ जुलै २००५. कनिष्ठ सभागृहात विधेयक २३३ विरुद्ध २२८ असं पाच मतांनी तरलं. सत्ताधारी पक्षाच्याच ३७ खासदारांनी विरोधात मत दिलं. ८ ऑगस्टला वरिष्ठ सभागृहाने ते १०८ विरुद्ध १२५ असं फेटाळलं.

त्याच्या दोन दिवस आधी एक प्रवेश घडला, तो सांगायचा मोह आवरत नाही. माजी पंतप्रधान योशिरो मोरी कोइझुमींची समजूत काढायला त्यांच्या निवासस्थानी गेले. बाहेर आले ते हातात चेपलेला बिअरचा डबा आणि सुकलेल्या चीजचा तुकडा घेऊन. दारात पत्रकार ताटकळलेले. मोरींनी तो तुकडा दाखवला. जेवायला नाही, मेजवानी नाही, एवढंच मिळालं आणि तो माणूस काही ऐकत नाही, असा सगळा आविर्भाव. चीज महागातलं फ्रेंच होतं हे मागाहून कळलं, ते सोडा. तो राग खरा होता की ठरवलेला, यावर पुढे तिथे पुष्कळ चर्चा झाली. पण त्या रात्री देशभर टीव्हीवर दिसलं ते हेच, की एक माणूस आपल्याच पक्षाविरुद्ध हट्टाला पेटलाय आणि चेपलेला डबा त्याची साक्ष देतोय. दीड कोटी पत्रकांना जमलं नाही ते एका डब्याने केलं.

विधेयक पडलं वरिष्ठ सभागृहात, आणि कोइझुमींनी विसर्जित केलं कनिष्ठ सभागृह, ज्याने ते मंजूर केलं होतं! कृषिमंत्र्यांनी विसर्जनाच्या कागदावर सही करायला नकार दिला, तर त्यांना तिथल्या तिथे काढून ते खातं स्वतःकडे घेतलं आणि सही उरकली. मग संध्याकाळी मागे लाल पडदा, समोर कॅमेरे. गॅलिलिओला शिक्षा झाली तरी पृथ्वी फिरतेच असं तो म्हणाला, असा दाखला देऊन ते म्हणाले की मला जनतेला एवढंच विचारायचंय, पोस्टाच्या खासगीकरणाला तुमचा होकार आहे की नकार?

झालं. निवृत्तिवेतन, कर, इराकमध्ये पाठवलेलं सैन्य, सगळं त्या एका प्रश्नाखाली दबलं. विरोध करणाऱ्या स्वपक्षीयांची तिकिटं कापली. त्यांच्यासमोर नवे, चमकदार उमेदवार उभे केले. माध्यमांनी त्यांना नाव दिलं 'मारेकरी'. टोकियोत युरिको कोइके, ज्या स्वतः आधी टीव्हीवर बातम्या द्यायच्या. हिरोशिमात शिझुका कामेईंसारख्या मुरलेल्या नेत्यासमोर इंटरनेट कंपनीचा टी-शर्ट घालणारा तरुण मालक ताकाफुमी होरिए. तो अपक्ष होता, पण कॅमेरे त्याच्याच मागे. दुपारच्या चर्चांत रोज नवा अंक. पक्षाच्या प्रचारयंत्रणेची सूत्रं हिरोशिगे सेको या खासदाराकडे होती. राजकारणात येण्याआधी तो एका मोठ्या दूरसंचार कंपनीच्या जनसंपर्क विभागात काम करायचा, म्हणजे बातमी कशी पिकवायची हे त्याला नोकरीतच शिकायला मिळालेलं. त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या स्पर्धेत 'कोइझुमी नाट्यगृह' हा शब्द पहिला आला, यावरून काय ते समजा.

११ सप्टेंबरला मतदान झालं. आधीच्या निवडणुकीत साठ टक्क्यांच्या आत राहिलेलं मतदान साडेसदुसष्ट टक्क्यांवर गेलं. ४८० पैकी २९६ जागा एकट्या कोइझुमींच्या पक्षाला. आणि आता त्या चार कप्प्यांची आकृती पुन्हा डोळ्यांपुढे आणा. टोकियोच्या २५ मतदारसंघांपैकी २३ त्यांनी घेतले. टोकियो! सुशिक्षित नोकरदारांचं, वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांचं, त्या आराखड्यातल्या 'अ' थराचं शहर. चेहऱ्याला आणि प्रवेशाला भुलतात त्या गृहिणी आणि म्हातारी माणसं, असं लिहिणाऱ्याचं गणित इथे साफ चुकलं. टीव्हीवाल्यांना त्याने वरच्या बुद्धीच्या कप्प्यात बसवलं होतं, आणि नाटकाची तिकिटं विकली ती त्यांनीच. लाट म्हणतो आपण, पण एकसदस्य मतदारसंघांत पक्षाला मतं निम्म्याहून कमी होती आणि ३०० पैकी जागा मात्र २१९. हेही त्या रात्रीच्या धामधुमीत बाजूला पडलं.

१४ ऑक्टोबरला विधेयक पुन्हा आलं आणि आरामात पास झालं. १ ऑक्टोबर २००७ ला पोस्ट खासगी कंपनी झालं. एक मुख्य कंपनी आणि तिच्या पोटात टपाल, कचेऱ्या, बँक, विमा अशा चार.

पुढचं थोडक्यात, एक भाग सोडून. तो भाग मी सोडणार नाही, कारण त्यात आमच्यासारख्या आकाशवाणीवाल्यांच्या भाईबंदांचा संबंध येतो.

विमा विकायची लक्ष्यं पोस्टातल्या कर्मचाऱ्यांवर लादली गेली. लक्ष्य गाठायचं तर गिऱ्हाईक कोण? जे पोस्टावर डोळे मिटून विश्वास ठेवतात ते, म्हणजे वयस्कर माणसं. आराखड्यातला 'ब' थर. त्यांना जुनी पॉलिसी मोडायला लावून नवी विकली, काहींकडून दोन्हींचे हप्ते घेतले. २०१८ च्या एप्रिलमध्ये जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एन.एच.के.ने, यावर कार्यक्रम केला आणि आणखी अनुभव कळवा म्हणून इंटरनेटवर आवाहन केलं. टपाल समूहाने जोरदार हरकत घेतली. हरकत घेणाऱ्यांत समूहाचे असे बडे अधिकारी होते, जे पूर्वी प्रसारणावर देखरेख करणाऱ्या खात्याचे सचिव होते. आवाहनाच्या चित्रफिती उतरवल्या गेल्या. प्रसारण संस्थेच्या नियामक मंडळाने समज दिली ती स्वतःच्याच अध्यक्षांना. दुसरा भाग लांबत गेला, तो प्रसारित झाला २०१९ च्या जुलैअखेर. तोवर कंपनीलाच कबूल करावं लागलं होतं की गिऱ्हाइकांचं नुकसान झालं असण्याची शक्यता असलेले करार सुमारे १ लाख ८३ हजार आहेत. डिसेंबरात विमा विक्रीवर तीन महिन्यांची बंदी आली आणि तीन कंपन्यांच्या अध्यक्षांनी राजीनामे जाहीर केले.

खासगीकरणाचंच हे पाप, असं मी म्हणणार नाही. लक्ष्यांचा जाच सरकारी खात्यांतही असतो, आपल्यापैकी काहींनी तो भोगलाही असेल. पण २००५ च्या त्या पत्रकात मंत्री आणि टीव्हीवाला गप्पा मारत होते, तेव्हा आजीबाईंना कोण काय विकायला येईल हा प्रश्न इतोने विचारला असता, तर उत्तर ऐकायला मला आवडलं असतं.

आणि पोस्ट खासगी झालं का? २०१२ मध्ये कायदा बदलून टपाल आणि कचेऱ्या पुन्हा एकत्र केल्या. २०१५ च्या नोव्हेंबरात तीन कंपन्या शेअर बाजारात आल्या, पण मुख्य कंपनीचे एक तृतीयांशाहून अधिक शेअर सरकारकडेच राहतील अशी कायद्यात तरतूद आहे. २०२१ पासून साधं टपाल शनिवारी येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात साध्या पत्राचं तिकीट ८४ येनवरून ११० येनवर गेलं. होय की नाही, असं विचारलं होतं. वीस वर्षांनंतर उत्तर अधेमधे कुठेतरी आहे.

वेळ संपली. नमस्कार.