कुंडीतली मुळे आणि कडाक्याचा हिवाळा

श्रोतेहो, कडाक्याची थंडी येणार असे कळले की बहुतेकांचे लक्ष आधी झाडाच्या शेंड्याकडे जाते. पाने काळवंडतील, कोवळ्या फांद्या करपतील या धास्तीने वरच्या भागाला कापड गुंडाळले जाते आणि कुंडी मात्र उघड्या फरशीवर तशीच राहते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. जे झाड त्या हवामानात जमिनीत तग धरते, त्याच्या फांद्या थंडी बहुधा सोसतात. कुंडीत आधी मरतात ती मुळे. ती मेल्याचे आपल्याला वसंतात कळते, फुटलेली पालवी दोन-चार पाने काढून कोमेजते तेव्हा.

याचे कारण झाडाच्या तयारीत आहे. दिवस लहान होऊ लागले आणि तापमान हळूहळू उतरू लागले की फांद्यांतील पेशींमध्ये शर्करा साठते, पेशींतले काही पाणी बाहेरच्या पोकळ्यांत सरकते, आणि तिथे बर्फ झाला तरी पेशी वाचते. मुळांची अशी तयारी फांद्यांइतकी कधीच होत नाही, कारण जमिनीत तिची फारशी गरज पडत नाही. हवा शून्याच्या बरीच खाली गेली, तरी वर हिमाचा जाड थर असेल तर त्याखालची माती शून्याच्या आसपासच रेंगाळते. कुंडीला मात्र थंडी चारही बाजूंनी भिडते, आणि पाणी शोषणारी कोवळी मुळे नेमकी कुंडीच्या कडेलाच दाटलेली असतात. प्रजातींनुसार फरकही मोठा आहे: बागांतून आवडीने लावल्या जाणाऱ्या काही मॅग्नोलियांची (ही मोठ्या फुलांची झाडे) कोवळी मुळे उणे ५ अंश सेल्सियसच्या सुमारास मरतात, तर पांढऱ्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची उणे २० अंशांपर्यंतही टिकतात. म्हणून झाड निवडतानाच कडक व्हावे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात सर्वांत कमी तापमानानुसार १३ विभाग केलेले आहेत आणि प्रत्येक विभाग सुमारे साडेपाच अंशांचा आहे. बाहेर ठेवायच्या कुंडीसाठी आपल्यापेक्षा दोन विभाग अधिक थंड प्रदेशात टिकणारे झाड घ्यावे, असा जाणत्या माळ्यांचा ठोकताळा आहे. तो ढोबळ असला तरी मला रास्त वाटतो.

आता गुंडाळण्याविषयी. गोधडी माणसाला ऊब देते, कारण ऊब मुळात माणसाच्या अंगात असते. तीच गोधडी दगडावर टाकली तर दगड गारच राहतो. झाड या बाबतीत दगडाच्या बाजूचे आहे. गोणपाट, पेंढा, थर्मोकोल, बुडबुड्यांचे प्लास्टिक यांतले काहीही उष्णता निर्माण करीत नाही, ते फक्त ती जाण्याचा वेग कमी करते. एका रात्रीच्या गोठलेल्या दंवासाठी एवढे पुरते. आठवडाभर पारा शून्याखालीच राहिला, तर कितीही जाड वेष्टनाच्या आतली माती शेवटी हवेइतकीच थंड होते. तेव्हा खरा प्रश्न असा की उष्णता येणार कुठून? त्याचे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे उत्तर पायाखाली आहे. उन्हाळाभर तापलेली जमीन हिवाळाभर ती ऊब सोडत असते, आणि कुंडीला तिच्याशी जोडून देणे हेच आपले काम आहे.

शक्य असेल तर कुंडी काठापर्यंत मातीत पुरावी, मात्र त्या जागी पाणी साचत नाही ना ते आधी पाहावे. खड्डा करणे जमत नसेल, तर कुंड्या फरशीवरून उचलून मातीवर आणाव्यात, भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, लहान कुंड्या मध्ये आणि मोठ्या कडेला. मधल्या फटींत आणि सभोवार कोरडा पालापाचोळा दाबून भरावा आणि तो उडू नये म्हणून बाहेरून जाळी लावावी. मोठी कुंडी कडेला ठेवण्याचे कारण सरळ आहे: मातीच्या मानाने तिचा उघडा पृष्ठभाग कमी, म्हणून ती सावकाश थंड होते. वर हिम पडले तर ते झटकू नये, फांद्या मोडण्याइतके जड झाले तरच काढावे. पानांभोवती प्लास्टिक घट्ट आवळणे मात्र टाळावे, कारण आत दमटपणा साचून बुरशी धरते आणि उन्हाच्या दिवशी आतली हवा नको इतकी तापते.

पाण्याबद्दलचा गैरसमज तर फारच चिवट आहे. थंडीत पाणी तोडावे असे अनेक जण मानतात, आणि त्यामुळेच सदाहरित झाडे दगावतात. थंडीच्या दिवसांतही स्वच्छ ऊन आणि वारा असेल तर पानांतून बाष्प जात राहते, खाली मातीचा गोळा गोठलेला असल्याने मुळे ते भरून काढू शकत नाहीत, आणि झाड थंडीत उभे राहून तहानेने वाळते. शिवाय ओल्या मातीला गोठायला वेळ लागतो, कारण एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणून मोठी थंडी येण्याआधी भरपूर पाणी द्यावे आणि हिवाळ्यात माती वितळलेली सापडेल तेव्हा ओल तपासावी. चिखल मात्र नको: गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते, आणि भाजलेल्या मातीची, विशेषतः पोटाला रुंद व तोंडाला अरुंद असलेली कुंडी त्या दाबाने तडकते.

बाहेर टिकणारच नाहीत अशी झाडे आत न्यावी लागतात. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात वास्तुशिल्पी झ्यूल आर्दुआँ-माँसार याने बांधलेली ऑरेंजरी याच कामाची. संत्र्या-लिंबांची झाडे लाकडी पेट्यांतून तिथे हिवाळ्याला आत जातात आणि उन्हाळ्याला बाहेर येतात; दक्षिणेकडे उंच खिडक्या आणि बाकीकडे जाड भिंती, एवढ्यावर ती वास्तू थंडी थोपवते. आपल्याला न तापवलेली खोली किंवा गॅरेज पुरते. पानगळीच्या झाडांसाठी तिथले तापमान साधारण शून्य ते सात अंश असावे, आणि पाने गळलेली असल्याने त्यांना अंधारही चालतो. सदाहरितांना उजेड लागतोच. दिवाणखान्याच्या उबेत मात्र थंड प्रदेशातले झाड कधीही नेऊ नये. त्याला ठरावीक काळ गारव्याची गरज असते, आणि अवेळी ऊब मिळाली तर ते भर हिवाळ्यात कोंब फोडून बसते.

बाहेर काढण्याची घाईही तितकीच घातक आहे. थंडी सोसण्याची ताकद यायला आठवडे लागतात, पण थोड्या उबदार दिवसांत ती ओसरते. म्हणून झाड ढगाळ दिवशी बाहेर आणावे, काही दिवस सावलीत ठेवावे आणि रात्री दंव गोठण्याइतकी थंडी पडणार असेल तर पुन्हा आत घ्यावे. पालवी येत नसेल तर नखाने साल खरवडून पाहावी, पण खाली हिरवे दिसले म्हणून निश्चिंत होऊ नये. मुळे मेल्यावरही खोड बरेच दिवस हिरवे राहते. गोळा अलगद बाहेर काढून मुळे पाहावीत. पांढरी, टणक मुळे जिवंत असतात. काळी, मऊ, बोटाने चोळताच साल सुटणारी मुळे मेलेली असतात. ती छाटावीत, झाड ताज्या, निचऱ्याच्या मातीत आणि गरज पडल्यास लहान कुंडीत लावावे, आणि नवी मुळे धरेपर्यंत त्याला खत घालू नये.