पर्वतीमागून ऊन येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुमच्यापैकी पुष्कळजण गेले असतील. जपानमधल्या ओकायामा शहरात 1700 साली पुरी झालेली कोराकुएन नावाची बाग आहे, तिच्या धर्तीवर रचलेली ही दहा एकरांची जागा. सकाळी फाटक उघडलं की कॅमेरा घेऊन आत शिरायचं, हे मी बरीच वर्षं करते आहे. आणि माझं ठाम मत झालंय, की तिथले सगळ्यात सुंदर फोटो ऊन पडायच्या आधी मिळतात.

त्याचं कारण पूर्वेला आहे. त्या बाजूला पर्वती आणि तळजईच्या टेकड्या उभ्या. सूर्य उगवला तरी ऊन बागेत थोडं उशिरा उतरतं. तेवढा वेळ उजेड येतो तो नुसत्या आभाळातून, सगळीकडून सारखा. सावल्या कुठेच टोचत नाहीत. हिरवळीचा हिरवा वेगळा, छाटलेल्या झुडपांचा वेगळा, दगडाच्या ओल्या अंगावरचा आणखी वेगळा, हे तेव्हाच दिसतं. पाण्यावर चकाकी नसते, त्यामुळे खालचे मासेसुद्धा स्पष्ट येतात.

सुरुवातीला मी सोनेरी उन्हाच्या मागे धावायचे. घरी येऊन पाहावं, तर आभाळ पांढरंफटक आणि झाडांखाली नुसता काळोख! एवढा उजेड आणि एवढी सावली कॅमेऱ्याला एकाच वेळी झेपत नाही. मोबाइलवर काढत असाल तर चित्रातल्या उजळ भागावर बोट टेकवून धरा आणि उजेड जरासा खाली ओढा. सावलीतला फोटो निळसर वाटला, तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांची छटा ठरवणारी सोय, ढगाळ हवेवर ठेवा. पण थोडा निळेपणा राहू द्या. पहाट तशीच असते.

आता उभं कुठे राहायचं? पायवाट वळते तिथे. जपानी बागेत चालता चालता एकामागून एक देखावा उलगडावा, अशी रचना असते. वळणापर्यंत झाडीने काहीतरी झाकलेलं असतं आणि पुढच्या दोन पावलांत पाणी, पूल, उंचवटा समोर येतो. ती दोन पावलं टाकण्याआधी एक फोटो घ्या आणि टाकल्यावर एक.

आणि फोटोतून टेकडी कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. बागेबाहेरचं दृश्य बागेत सामावून घेण्याला जपानीत शाक्केई म्हणतात, म्हणजे उसनं घेतलेलं दृश्य. कोराकुएनमध्ये नदीपलीकडचा काळ्या भिंतींचा ओकायामाचा किल्ला झाडांवरून डोकावतो. आपल्याकडे तो मान पर्वतीचा. टेकडी गाळली, तर उरते ती कुठलीही बाग.

मग ऊन येतं. आधी उंच झाडांचे शेंडे उजळतात, मग उजेड खोडांवरून खाली उतरतो. हिरवळीवरची टेकडीची सावली हळूहळू टेकडीकडेच मागे सरकू लागते. दवामुळे त्या सावलीची कड अगदी स्पष्ट दिसते. फिरायला आलेले एखादे आजोबा त्याच वेळी सावलीतून उन्हात पाऊल टाकतात. मी खाली बसून तेवढ्यासाठीच थांबलेली असते.