डिग्रीचं चौथं वर्ष

श्रोतेहो, नमस्कार.

निपाणी शहर संपतं न संपतं तोच अर्जुननगर लागतं. तिथलं देवचंद कॉलेज निपाणीच्या मुलांना आपल्या गावचंच वाटतं. पण ते कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. निपाणीतलंच जी. आय. बागेवाडी कॉलेज मात्र बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाचं. आता एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकाच वर्गातून पीयूसी, म्हणजे बारावी झालेल्या दोन मैत्रिणी घ्या. एक इकडं गेली, एक तिकडं गेली. घरापासूनचं अंतर जवळपास सारखंच. पण बागेवाडी कॉलेजला गेली तिची डिग्री तीन वर्षांची, आणि देवचंदला गेली तिला चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी घेता येणार. हे सगळं सीमेमुळं. सीमाभागातल्या आपल्या मुलांनी आणि पालकांनी हे नीट समजून घ्यावं, म्हणून आज हा विषय घेतला.

हे असं का झालं, ते आधी सांगतो. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आलं. डिग्रीला ते सगळ्यात आधी लागू केलं कर्नाटकानं, २०२१-२२ पासून. चार वर्षांचा ऑनर्स तेव्हा इथं सुरू झाला. पुढं २०२३ मध्ये सरकार बदललं, प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्याचा स्वतःचा शिक्षण धोरण आयोग नेमला गेला. त्याच्या अंतरिम अहवालानंतर मे २०२४ मध्ये आदेश निघाला की २०२४-२५ पासून प्रवेश घेणाऱ्यांची डिग्री पुन्हा तीन वर्षांची. मधल्या तीन तुकड्यांना चौथं वर्ष ऐच्छिक ठेवलं. महाराष्ट्रात नेमकं उलटं घडलं. तिथं चार वर्षांचा आराखडा स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ ला आला. ज्या वर्षी बेळगावनं चौथं वर्ष सोडलं, त्याच वर्षी कोल्हापूरनं ते धरलं.

त्यामुळं पालक काळजीनं विचारतात, "ओ सर, पोरीला तीन वर्षांच्या डिग्रीला घातलं तर तिचं नुकसान होईल काय?"

नाही होणार. तीन वर्षांची पदवी कमी प्रतीची नाही. यूपीएससी, केपीएससी, बँकेच्या परीक्षा, बी.एड., या सगळ्यांना ती पुरते. पुढं एम.ए. किंवा एम.एस्सी. करायचं असेल तर हिशेब असा आहे, की तीन वर्षांच्या पदवीवर दोन वर्षं आणि चार वर्षांच्या ऑनर्सवर एक वर्ष. दोन्ही वाटांनी पाचच वर्षं. मात्र ते एक वर्षाचं एम.ए. तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात आणि हव्या त्या विषयात प्रत्यक्ष चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. कागदावर सोय आहे आणि वर्ग भरतच नाही, असं झालं तर एक वर्ष हातचं जातं.

मग ऑनर्स घ्यायचा तरी कशासाठी? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणं तीन वर्षांची पदवी १२० क्रेडिटची आणि चार वर्षांची ऑनर्स १६० क्रेडिटची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. चौथ्या वर्षात पुन्हा दोन प्रकार आहेत. साध्या ऑनर्समध्ये मुख्य विषयाचे वरच्या पातळीचे पेपर असतात. दुसरा प्रकार संशोधनासह ऑनर्स. त्यात १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर वर्षभर काम करायचं आणि स्वतःच्या शब्दांत लिहून काढायचं. ज्यांना पीएच.डी.कडं वळायचंय त्यांच्यासाठी हे मोलाचं आहे, कारण २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असले तर एम.ए. न करताही पीएच.डी.च्या प्रवेशाला बसता येतं. मात्र सहाय्यक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवी लागतेच. कुणी ती लागत नाही असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मास्टर्सला चार वर्षांची पदवी मागतात, ब्रिटनमध्ये तीन वर्षांची सहसा चालते.

आता प्रवेशाचं. बरेच जण समजतात की ऑनर्सचा प्रवेश पीयूसीनंतर जूनमध्ये होतो. संशोधनासह ऑनर्सचा प्रवेश खरं म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या पहिल्या पेपरपासून सुरू होतो. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के गुण असतील तरच ते दार उघडतं. मुलं पहिलं वर्ष नव्या मोकळेपणात घालवतात, दुसऱ्या वर्षी सावरतात, तिसऱ्या वर्षी जीव तोडून अभ्यास करतात आणि तरी ७२-७३ वर अडकतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं हे जास्त होतं. हुशारीत ती कुठंच कमी नसतात, पण पहिल्या सेमिस्टरला इंग्रजी पुस्तकांशी झगडण्यातच त्यांचा वेळ जातो. म्हणून सीमेपलीकडं प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाला माझं सांगणं आहे, की चौथं वर्ष करायचं की नाही हे तिसऱ्या वर्षी ठरवा, पण तो पर्याय हातात राहील असा अभ्यास पहिल्या दिवसापासून करा.

ठरवायची वेळ आली की काय बघायचं? माझ्या मते सगळ्यात आधी मार्गदर्शक. चौथ्या वर्षाचं बरंवाईट निम्म्याहून जास्त त्या एका माणसावर अवलंबून असतं. यूजीसीच्या आराखड्यातच अट आहे, की संशोधनासह ऑनर्स चालवणाऱ्या विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. तेव्हा कॉलेजात जाऊन सरळ विचारा, आमच्या विषयात असे कोण आहेत? त्यांच्याकडं आधीच किती मुलं आहेत? तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे आपल्याकडच्या गेस्ट लेक्चरर मंडळींवरच विभाग चालत असेल, तर ती माणसं कितीही जीव ओतून शिकवत असली तरी पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि प्रबंध अर्ध्यावर पोरका होतो. ग्रंथालयात जा, तुमच्या विषयाची नियतकालिकं येतात का ते बघा. विज्ञानाचं असेल तर प्रयोगशाळा डोळ्यांनी बघून या, माहितीपत्रकावर जाऊ नका. हे विचारायला लाजू नका. पालकांनो, तुम्हीही लाजू नका. अंगठा देऊन पगार घेणाऱ्या बापालाही हा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आणि विषय! यावर मला मनापासून बोलायचंय. आपल्या मुलांना वाटतं की संशोधन म्हणजे पुण्या-मुंबईचं, दिल्लीचं काम. अहो, आपल्या पायाखाली किती काय आहे. निपाणी-चिकोडीच्या तंबाखूवर आणि विड्या वळणाऱ्या बायांच्या हातांवर अर्थशास्त्राचा एक प्रबंध उभा राहतो. निपाणीचं १९८१ चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन पाहिलेली माणसं आता थकत चालली आहेत, इतिहासाच्या विद्यार्थ्यानं त्यांच्याशी बोलायला आजच जावं. बेळगावातल्या वडगाव-खासबागचे हातमाग-यंत्रमाग का थांबत गेले? खानापूरची माती कुंभारकामाला का चांगली? खानापूर तालुक्यातल्याच भीमगड अभयारण्याजवळ बारापेडे गुहा आहेत, आणि तिथं रॉटनचं वटवाघूळ सापडतं. फार वर्षं हे वटवाघूळ जगात फक्त इथंच असल्याचं मानलं जात होतं, मग मेघालयात आणि कंबोडियातही त्याची नोंद झाली. जीवशास्त्राच्या मुलाला याहून जवळचा आणि याहून मोठा विषय कुठं मिळणार? भाषा शिकणाऱ्यांना तर घरात, बाजारात, बसमध्ये दिवसभर साहित्य ऐकू येतं. कन्नडच्या सहवासात आपली मराठी कशी वळण घेते, हे उच्चारांसकट नोंदवायचं काम बाहेरून येणारा माणूस आपल्याइतकं करूच शकणार नाही. आणि संदर्भासाठी बेळगावचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४८ सालचं. असा एखादा प्रश्न तुमच्या मुलाला खरोखर छळत असेल, तर त्याला चौथं वर्ष द्याच. नुसतं 'ऑनर्स' हा शब्द डिग्रीपुढं लागावा म्हणून मात्र देऊ नका.

खर्चाचा विचार सीमेवर वेगळा करावा लागतो. खानापूरची मुलगी बेळगावला कॉलेजला आली तर ११ जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेत तिचा बसप्रवास फुकट आहे. तीच कोल्हापूरला गेली तर तिकीट आलं, आणि बेळगाव-कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर असल्यानं वसतिगृहही आलं. कर्नाटकात शिष्यवृत्तीसाठी एसएसपी पोर्टल आहे. राज्याबाहेर शिकायला गेल्यावर तुमच्या मुलाची शिष्यवृत्ती चालू राहील का, हे फी भरण्याआधी विचारा. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिकडं काही वेगळ्या तरतुदी आहेत. उदाहरणार्थ, इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात 'ई' प्रकारची उमेदवारी सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठीच आहे. त्याचे दाखले मे महिन्याच्या गर्दीत काढायला जाऊ नका, आधीच काढून ठेवा.

इंजिनिअरिंगचं नाव निघालं म्हणून एक खुलासा. तिथली डिग्री मुळातच चार वर्षांची. तिथं ऑनर्स म्हणजे जादा वर्ष नव्हे, जादा क्रेडिट. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद म्हणजे एआयसीटीई, तिच्या आराखड्यात ती १८ ते २० आहेत. ती त्याच चार वर्षांत, बहुधा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून मिळवायची असतात. बी.ए., बी.एस्सी.च्या ऑनर्सशी याची गल्लत करू नका.

दोन्ही विद्यापीठं सोडून लांब जायची हिंमत आणि ऐपत असेल तर तीही वाट आहे. दिल्ली विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांत चार वर्षांचा ऑनर्स सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून मिळतो. ही परीक्षा १३ भाषांत होते, त्यात मराठीही आहे आणि कन्नडही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विज्ञानाचा चार वर्षांचा, संशोधनावर बेतलेला पदवी अभ्यासक्रम आहे. अडचण एवढीच, की या परीक्षांचे अर्ज पीयूसीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. निकाल बघून ठरवू म्हणणाऱ्यांचं ते वर्ष गेलेलं असतं. दुसऱ्या पीयूसीत मूल असतानाच, जानेवारीपासून, लक्ष ठेवा.

मुलींच्या आईवडिलांशी थोडं बोलतो. चौथं वर्ष म्हटलं की काही घरांत लग्नाचा विषय निघतो, हे मला माहीत आहे. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात नाव घातलं म्हणजे चार वर्षं अडकलो, असं नाही. तिसऱ्या वर्षाअखेर पूर्ण पदवी घेऊन मानानं बाहेर पडता येतं. अडचणीमुळं पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबावं लागलं, तरी नियमातल्या अटी पूर्ण केल्या तर प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा मिळतो. त्यानंतर तीन वर्षांच्या आत परत येऊन, एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पुरी करता येते. तिनं मिळवलेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये तिच्या नावावर जमा राहतात. तिचं ते खातं पहिल्याच वर्षी उघडलंय ना, नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणंच आहे ना, हे एकदा तिच्यासोबत बसून तपासा. आणि प्रवेश कुठंही घ्या, त्या वर्षीचं विद्यापीठाचं परिपत्रक मागून घ्या. नियम दोन्ही राज्यांत बदललेत आणि पुढंही बदलू शकतात. कॉलेजच्या ऑफिसात ते मिळालं नाही तर प्राचार्यांना भेटा.

नमस्कार.