दुसऱ्यांदा का बघितलं नाही?

पहिल्या दोन रांगांत डॉक्टर मंडळी, मागे भिंतीला टेकून आमचे वकील बंधू. या हो पुढे, मधल्या खुर्च्या रिकाम्या आहेत. आज मी भांडण लावायला आलेलो नाही.

पत्रिकेत विषय 'निदान चुकलं तर दावा' असा छापलाय. पहिल्या दिवशी निदान चुकणं मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी पेशंट सांगतोय दुखणं वाढलंय, आणि केस पेपरवर 'सीएसटी', म्हणजे कालचंच चालू ठेवा, एवढं लिहून राउंड पुढे जातो, तिथे माझं डोकं फिरतं.

माझा मामेभाऊ निफाडकडचा, द्राक्षबागायतदार. ऑक्टोबर छाटणीत पोटरीला कात्री लागली. नखाएवढी जखम. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला, दुसऱ्या दिवशी नाशिकला आणून दाखल केलं. मुंबई नाक्याच्या बाजूला रुग्णालयांच्या पाट्या कमी आहेत का? सूज बेताची, लाली बेताची, पण चादर लागली तरी ओरडायचा. डॉक्टर म्हणाले, सेल्युलायटिस, म्हणजे कातडीचा साधा जंतुसंसर्ग आहे, उतरेल. मामी प्रत्येक राउंडला सांगायची, "हा सोसणारा पोरगा आहे हो, उगाच नाही रडत." दिसतंय त्यापेक्षा दुखणं फार जास्त, ही नेक्रोटायझिंग फॅसायटिसची, म्हणजे कातडीखालचा भाग सडवणाऱ्या संसर्गाची, खूण समोरच्यांना मी शिकवायला नको. जंतू कातडीखाली तासातासाने पसरतो. नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, पाय उघडून सडलेला भाग काढावा लागतो. तिसऱ्या सकाळी फोड आले, कातडी काळवंडली. पाय मांडीतून काढावा लागला. वय 26.

नंतर कागद मिळाले. राउंडच्या नोंदींत सीएसटी, सीएसटी. पण नर्सच्या चार्टवर रात्री 11, 2 आणि साडेचारला एकच वाक्य: 'पेशंट दुखण्याचं इंजेक्शन मागतोय, आरएमओंना कळवले.' आरएमओ म्हणजे ड्यूटीवरचे निवासी डॉक्टर. शेजारी नाडी, दर वेळी आधीपेक्षा जास्त. त्या मुलीने सगळं लिहून ठेवलं होतं! ते कुणी वाचलंच नाही. मी तिला भेटायला गेलो होतो, ती नोकरी सोडून गेली होती.

दावा? मामा म्हणाले, पाय परत येणार आहे का? विचार करता करता दोन वर्षं उलटली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मग कायदा भराभर सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 1995च्या शांता निकालाने पैसे मोजून घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात आले. 2005च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणाच लागतो, साधा अंदाज चुकला म्हणून डॉक्टरला पोलिसात ओढायचं नाही. मला हे पटतं. आणि 2010चा हैदराबादचा खटला: मलेरिया खात्यातल्या अधिकाऱ्याची पत्नी तापाने दाखल झाली, टायफॉइड समजून उपचार झाले, मलेरियाचे झालेच नाहीत, बाई गेल्या. जिल्हा ग्राहक मंचाने दिलेली 2 लाखांची भरपाई वरच्या दोन्ही, म्हणजे राज्य आणि राष्ट्रीय, आयोगांनी नाकारली, सर्वोच्च न्यायालयाने परत दिली. शिवाय सांगितलं, प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही.

ग्राहक आयोगात दावा करायची मुदत 2 वर्षांची. उशीर झालाच तर सबळ कारण द्यावं लागतं. उपचाराचे कागद पेशंटने मागितल्यापासून 72 तासांत द्यायचे, हा 2002चा नियम आहे. म्हणून दावा करायचा की नाही हे नंतर ठरवा, कागद आधी मागा, आणि नर्सचा चार्टही मागा. आमच्या मामांना हे वेळेत सांगणारं कुणी नव्हतं.

प्रश्न घेऊ या. मागच्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.