तळेगावात राहायला जायचं का?

पुण्यातलं बिऱ्हाड हलवून तळेगाव दाभाड्याला जावं का, असं विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. निवृत्त जोडपी, चाकण किंवा तळेगाव एमआयडीसीत नोकरी असलेले, आणि मुलाला तिथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून सगळं घरच उचलायला निघालेले पालक. तिघांची गरज वेगळी, पण एक गोष्ट तिघेही हमखास करतात. रविवारी सकाळी गाडी काढतात, फ्लॅट पाहतात आणि टोकन देऊन येतात. रविवारी सकाळी तळेगाव कुणालाही आवडेल हो! हवा छान, कॉलेजं बंद, चाकण रस्त्यावर वर्दळ कमी. पाहायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता वडगाव फाट्यावर उभं राहून पाहा. कंटेनर, कंपन्यांच्या बस आणि कॉलेजची पोरं एकाच वेळी रस्त्यावर आलेली दिसतील.

फ्लॅट पाहण्याआधी एक कागद घ्या. गेल्या महिन्यात शहरात कुठे, कशासाठी आणि किती वाजता जावं लागलं ते लिहून काढा. डॉक्टर, बँक, क्लास, आईकडे, नाटकाला, सगळं. यातलं तळेगावात काय होतं ते खोडा. जे उरेल त्यापुढे जायची आणि परतायची वेळ लिहा, आणि मग लोकलचं वेळापत्रक शेजारी ठेवा.

पुणे ते तळेगाव अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, लोकलने पाऊण ते एक तास. सकाळ-संध्याकाळ हा प्रवास रस्त्यापेक्षा कितीतरी बरा, आणि शिवाजीनगरला उतरलं की मेट्रो मिळते. अडचण दुपारची आहे. रुळांच्या देखभालीसाठी रेल्वे दुपारचा वेळ राखून ठेवते, त्यामुळे त्या काळात पुणे-लोणावळा लोकल फार विरळ असतात. अकराची डॉक्टरांची वेळ घेतलेला माणूस साडेबाराला मोकळा होतो आणि स्टेशनवर बसून राहतो. नाहीतर बसने निगडी आणि तिथून पुढची बस. रात्रीच्या शेवटच्या लोकलची वेळही आधी पाहून ठेवा. साडेनऊचं नाटक आणि शेवटची लोकल यांचं जमत नाही. महिन्यातून चार-पाच खेपा असतील तर काही बिघडत नाही. आठवड्यातून चार असतील आणि त्यातल्या दोन भर दुपारच्या असतील, तर माझं स्पष्ट मत आहे की जाऊ नका.

गाडीने जाणाऱ्यांनी सोमाटण्याचा टोलनाका हिशेबात धरावा आणि स्थानिकांना काय सवलत चालू आहे ते नाक्यावरच विचारावं. दलालाला विचारू नये.

आता जागा. तळेगाव स्टेशन आणि तळेगाव गाव ही दोन निराळी ठिकाणं आहेत. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ ही जाहिरात दुचाकीवरची असते. चालत जाऊन घड्याळ लावा, तेही संध्याकाळी. सोमाटण्याच्या बाजूला घर पाहत असाल तर घोरावाडी हे छोटं स्टेशन जवळ पडतं, पण तिथे उतरल्यावर रिक्षा मिळेलच असं नाही.

कॉलेजच्या गावाचं भाड्याचं गणित शहरापेक्षा निराळं असतं आणि बहुतेक कुटुंबं इथेच गोंधळतात. मालक दोन बीएचकेचं भाडं दोन प्रकारे मोजतो. कुटुंबाला, समजा, १५,००० रुपये. तोच फ्लॅट सहा मुलांना डोई ३,५०० ने दिला तर २१,०००. म्हणून अकरा महिन्यांचा करार संपला की कुटुंबाला जागा सोडायला सांगण्याचा मोह मालकाला होतो. प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की घरं झपाट्याने जातात, भाव वर जातो. परीक्षा आटोपून पोरं गावी गेली की मे-जूनमध्ये तेच मालक फोन करतात. कुटुंबाने त्या दिवसांत शोधावं आणि अकराऐवजी छत्तीस महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार मागावा, दरवर्षी ठरावीक टक्के वाढ लिहून. असा करार साठ महिन्यांपर्यंत करता येतो.

कराराची नोंदणी करून घ्याच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे एक वाक्य ऐकवलं की टाळाटाळ करणारे मालक ताळ्यावर येतात. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का. म्हणजे १५,००० भाडं, ५०,००० अनामत आणि अकरा महिने धरले तर साधारण सव्वाचारशे रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००.

पाण्याबद्दल ‘चोवीस तास आहे’ हे उत्तर ऐकून थांबू नका. गावाला पवना आणि इंद्रायणी या दोन्ही नद्यांचं पाणी येतं, पण तुमच्या सोसायटीला किती येतं हा प्रश्न वेगळा. सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. माणशी १३५ लिटर धरा. चाळीस फ्लॅट आणि प्रत्येकी चार माणसं असतील तर रोज २१,६०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर दोनाहून थोडे जास्त. आता अर्ध्या फ्लॅटांत सहा-सहा विद्यार्थी राहतात असं धरा. आकडा २७,००० वर जातो, रोज अर्धा टँकर वाढला. आणि आदर्श उपविधीप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, पाणीपट्टीची विभागणी नळांची संख्या आणि आकार यावर होते, माणसांवर नाही. दोन म्हातारी माणसं आणि सहा पोरं सारखेच पैसे भरतात. घर भाड्याने देणाऱ्या मालकाकडून सोसायटी जादा घेऊ शकते ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्क १,५०० असेल तर दीडशे रुपये. त्यातून टँकर येत नाही.

तेव्हा फ्लॅट पाहताना खाली पार्किंगमध्ये उभं राहून वॉचमनला विचारा, किती फ्लॅटांत मालक स्वतः राहतात. निम्म्यापेक्षा कमी असतील तर सर्वसाधारण सभेला माणसं जमत नाहीत, लिफ्ट महिनोन्‌महिने बंद राहते, आणि वर्गणीचा तगादा लावायला उरलेले चार निवृत्तच पुढे होतात. पोरांवर राग नसावा. पोरं आहेत म्हणून झेरॉक्स, मेस, रात्री उघडी राहणारी औषधांची दुकानं आहेत. कॉलेजांना सुट्टी लागली की यातलं बरंच थंडावतं, तेही एकदा पाहून घ्या.

ज्येष्ठांसाठी कॉलेजच्या गावाचा खरा फायदा वैद्यकीय महाविद्यालय. तळेगावात मायमर महाविद्यालय १९९५ पासून आहे आणि त्याला जोडलेलं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. शिकवण्याचं रुग्णालय असल्याने एकाच छताखाली बहुतेक विभाग मिळतात. तरी ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी स्वतः जाऊन दोन प्रश्न विचारावेत: रात्री दोन वाजता अँजिओप्लास्टी होते का, आणि माझ्या विम्याची कॅशलेस सोय इथे आहे का.

पालकांसाठी थोडक्यात. मुलाच्या प्रवेशावर घर विकत घेऊ नये. पदवी चार वर्षांची, कर्ज वीस वर्षांचं, आणि पुढच्या फेरीत किंवा दुसऱ्या वर्षी मूल कॉलेज बदलू शकतं. वसतिगृह किंवा भाड्याची खोली पुरे.

विकत घ्यायचंच ठरलं तर आधी एक पावसाळा भाड्याने काढा. पुण्यापेक्षा इथे पाऊस जास्त, लोणावळ्यापेक्षा कमी. तो पश्चिमेकडून झोडपतो. ऑगस्टमध्ये बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला, खिडकीच्या चौकटीखाली हात लावून पाहा. रंगाला फोड आले असतील तर जानेवारीत ते पुट्टीखाली लपलेले असतात.

शेवटी कागद. पत्त्यावर तळेगाव लिहिलेलं असतं, सातबाऱ्यावर वराळे, आंबी किंवा सोमाटणे निघतं. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर बांधकाम परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची हवी. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे परवानगी नव्हे. नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली ते पाहा. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येते असा दाखला मागा. ‘अर्ज केलाय, येईलच’ असं उत्तर आलं तर बँकेच्या वकिलाचा अभिप्राय येईपर्यंत टोकनही देऊ नका. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट दाखवणारे तर फाट्याफाट्यावर भेटतील. मंजूर रेखांकन दाखवा म्हणावं. सामाईक सातबाऱ्यावर नाव लावून देतो म्हणाले, तर तिथून परत फिरा.