व्हिनीअरच्या खाली काय आहे?

[पडद्यावर: स्कीच्या जोडीचा वरचा भाग, अगदी जवळून]

या जोडीवरचं अक्रोडाचं व्हिनीअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, बघा. लाकडाच्या रेषा टोकापासून शेपटीपर्यंत कुठेही न तुटता गेल्या आहेत, आणि डाव्या स्कीवरचं वळण उजवीवर तंतोतंत उलटं उमटलंय. एकाच लाकडाचे लागोपाठ काढलेले दोन पापुद्रे शेजारी मांडले की अशी जुळणी साधते. त्यावर हातानं चढवलेलं तेल, खाली कारागिराची सही. बघत राहावं असं काम आहे.

पण बर्फाशी या व्हिनीअरचा संबंध येत नाही. स्की वळणात धरते ती कडेच्या पोलादावर, घसरते ती तळावर, आणि वेगात थरथरते की शांत राहते हे ठरतं आतल्या थरांवर. जिच्यासाठी हजारो युरो किंवा फ्रँक मोजायचे, अशा जोडीची पारख करायची तर तिला आधी उलटं करायला हवं.

[पडद्यावर: उलट्या ठेवलेल्या स्कीवर पोलादी पट्टी आडवी धरलेली, मागून दिव्याचा उजेड]

सरळ धारेची ही पट्टी तळावर आडवी टेकवायची आणि पलीकडे दिवा धरायचा. उजेड मधोमध आला तर तळ खोलगट आहे, कडा वर राहिल्या आहेत. अशी स्की वळता वळता अचानक अडकते. उजेड दोन्ही बाजूंनी आला तर तळ मध्ये फुगलाय; मग स्की कडेवर कितीही कलवा, ती पायाखाली तरंगत राहते. टोकापासून शेपटीपर्यंत वीत-वीत अंतरावर पट्टी सरकवत जायची. अगदी कडेपाशी केसाएवढी फट दिसेल, ती असायलाच हवी. पोलादी कड तळाच्या बाजूनं अर्धा ते एक अंश मुद्दाम उतरती घासतात, नाहीतर सरळ जातानाही स्की बर्फात रुतू पाहते.

तळ पॉलिएथिलीनचाच असतो, जोडीची किंमत काहीही असो. फरक असतो तो बनवण्याच्या पद्धतीत. वितळवून ओढलेला पत्रा स्वस्त पडतो. सिंटर्ड तळासाठी पॉलिएथिलीनची भुकटी उष्णता आणि दाबाखाली घट्ट जमवतात आणि त्या ठोकळ्यावरून पातळ पत्रा सोलून काढतात. त्याच्या बारीक छिद्रांत वॅक्स मुरतं. असा तळ मध्यम किमतीच्या जोडीलाही मिळतो. त्यामुळे विक्रेता सिंटर्ड तळाचंच कौतुक करत बसला, तर त्याला पुढच्या विषयावर आणावं.

[पडद्यावर: दोन स्की तळाला तळ लावून उभ्या]

पुढचा विषय म्हणजे ही जोडी जोडी आहे का.

दोन्ही स्की तळाला तळ लावून धरल्या की मध्ये फट राहते. ही कॅम्बरची कमान. मधोमध मुठीत धरून दाबा. फट दोन्ही बाजूंनी सारखी मिटत गेली पाहिजे. पुढे आणि मागे तळ जिथे एकमेकांना भिडतात, ती रेष स्कीला काटकोनात असायला हवी. एका कोपऱ्यात फट राहिली, तर दोघींपैकी एक पिळली गेली आहे. प्रेसमधून, म्हणजे थर दाबून चिकटवणाऱ्या यंत्रातून, बाहेर आलेली पिळवटलेली स्की पुन्हा सरळ करण्याचा खात्रीचा उपाय नाही. चांगला कारागीर ती मोडीत काढतो, आणि मोडीत काढलेल्या स्कीचा खर्चही तुमच्या किमतीत धरलेला असतो. तो मी आनंदानं देईन.

आता ताठपणा. हे जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. 10 मिलिमीटर जाडीची फळी साडेदहा मिलिमीटरची केली, तर ती सुमारे 16 टक्के जास्त ताठ होते. स्कीत लाकडाच्या वरखाली फायबरग्लास आणि धातूचे थर असतात, म्हणून तिथे हा आकडा थोडा खाली येतो. तरीही अर्ध्या मिलिमीटरची चूक उजव्या आणि डाव्या पायात जाणवण्याइतकी मोठी ठरते. लाकूड तर दमटपणानंही फुगतं. म्हणूनच आज गाभ्याची, म्हणजे आतल्या लाकडाची, जाडी संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं तासली जाते, छोट्या कार्यशाळांतही. ‘हातानं घडवलेली’ हे ऐकून कोणी रंध्यानं गाभा उतरवतोय असं चित्र डोळ्यांपुढे आणू नये. हाताचं काम असतं लाकूड निवडण्यात, थर इपॉक्सी गोंदात भिजवून एकावर एक बसवण्यात, पोलादी कड तळाभोवती वाकवण्यात, आणि शेवटी दोन सारख्या ताठपणाच्या स्की मोजून एकत्र आणण्यात. कारागिराला विचारा: या दोघींची मापं काय आली? आकडे मिळाले तर बोलणं पुढे न्यावं.

[पडद्यावर: मधोमध कापलेली स्की, थर दिसताहेत]

कापलेल्या स्कीत बघा. मध्ये लाकडाच्या उभ्या पट्ट्या. पायाखाली अ‍ॅश, बीच किंवा मेपलसारखं दणकट लाकूड, कारण बाइंडिंगचे, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचे, स्क्रू तिथे धरायचे असतात. वजन कमी करायला पॉप्लर, पॉलोनिया. वरखाली फायबरग्लास. काही स्कींत टायटॅनलचे पत्रे; हा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आहे. कडेला लागून रबराची बारीक पट्टी.

लाकडाभोवती धातू लावण्याची कल्पना ज्यानं बाजारात रुजवली तो हॉवर्ड हेड, अमेरिकेतला विमान अभियंता. विमानाच्या सांगाड्यात वापरतात तशी अ‍ॅल्युमिनियमची सँडविच रचना त्यानं स्कीला लावली. त्याच्या सुरुवातीच्या जोड्या डोंगरावर एकामागून एक मोडल्या. तो बनवत राहिला आणि 1950 च्या सुमारास टिकणारी स्की त्याला साधली. आज धातूची स्की जो शांतपणा देते, त्याचं मूळ तिथे आहे. कार्बन फायबर हलका आणि ताठ, पण कडक बर्फावरचं कंपन तो पायापर्यंत पोचू देतो. म्हणून ‘कार्बन आहे’ एवढ्यावर किंमत वाढवलेली असेल, तर कंपन शोषायला आत काय घातलंय तेही विचारावं.

या प्रश्नाचं सगळ्यात धाडसी उत्तर स्वित्झर्लंडमधल्या डिझेंटिस गावात शोधलं गेलं. सिमोन जाकोमेत यांनी 2003 मध्ये झाई ही कंपनी तिथे सुरू केली. त्यांच्या एका स्कीच्या गाभ्यात कार्बन फायबरच्या थरांमध्ये घट्ट बसवलेला दगड होता. दगड वाकतो यावर ऐकताना विश्वास बसत नाही. पातळ पत्र्यासारखा कापून कार्बननं आवळून धरला की तो वाकतो. मला या प्रयोगाबद्दल मनापासून आदर वाटतो, कारण इथे महाग वस्तू दिसणाऱ्या जागी न लावता काम करणाऱ्या जागी लावली आहे.

मात्र महाग म्हणजे वेगवान, हे समीकरण बर्फावर टिकत नाही. श्टॉकली ही स्विस कंपनी 1935 पासून स्की बनवते आहे. कारखाना माल्टर्सला, आणि तिथेही बरंच काम हातानं होतं. स्कीपटू मार्को ओडरमॅटनं याच कंपनीच्या स्कीवर 2022 ते 2025 असे सलग चार हंगाम वर्ल्ड कपचं सर्वसाधारण विजेतेपद मिळवलं. शर्यतीच्या स्की वेगळ्या बनतात हे खरं, पण तुलनेसाठी समोर काय ठेवायचं ते यातून ठरतं. अलिशान जोडीची तुलना तिच्याहून कितीतरी स्वस्त पण उत्तम कारखान्यातल्या जोडीशीच करायला हवी.

[पडद्यावर: सकाळचा कडक बर्फ, धार लावण्याचं टेबल]

आणि ही तुलना जवळजवळ नेहमी चुकीची होते. नवी महागडी जोडी ताजी धार लावून येते, जुनी जोडी बोथट असते. पहिल्याच वळणात नवी जिंकते आणि किंमत पटू लागते. पण तिथे जिंकलेली असते फक्त धार.

म्हणून आधी दोन्ही जोड्यांना एकाच माणसाकडून, एकाच कोनात धार लावून घ्यायची. तळाच्या बाजूनं एक अंश, बाहेरच्या बाजूनं दोन किंवा तीन, जे ठरेल ते दोघींना. वॅक्स तेच. लांबी, मधली रुंदी आणि वळणाची त्रिज्या शक्य तितकी जवळची. बाइंडिंग तेच, आणि बसवण्याची जागाही सारखी, कारण ती एखादा सेंटिमीटर पुढेमागे झाली तरी स्कीचा स्वभाव बदलल्यासारखा वाटतो. व्हिनीअरवर साधी कागदी टेप चिकटवा. डोळ्यांना अक्रोड दिसत राहिलं, तर पायांचं म्हणणं ऐकू येत नाही.

मग आधी पहिली जोडी, नंतर दुसरी, आणि पुन्हा पहिली. हा परतीचा फेरा टाळू नका. सकाळचा घट्ट बर्फ दोन तासांत मऊ पडतो आणि दुसऱ्या जोडीला उगाच फायदा किंवा तोटा होतो. पहिली पुन्हा घातल्यावर ती आधीसारखीच वाटली, तरच निकाल धरायचा.

लक्ष कुठे द्यायचं? लांब वळण घ्या आणि वेग वाढवत न्या. टोक फडफडायला लागतं तो वेग लक्षात ठेवा. मग वळणाच्या मध्यावर, जिथे दाब सगळ्यात जास्त असतो, तिथे बर्फाच्या गुठळीवरून जा. चांगली स्की धक्का गिळते आणि कड सोडत नाही. त्यानंतर अगदी सावकाश, छोटी वळणं. अलिशान जोड्यांत धातू आणि रबर भरपूर असेल, तर त्या इथे जड आणि हट्टी वाटू शकतात. तुम्ही दिवसातला बराच वेळ सावकाशच उतरत असाल, तर ही नोंद वेगाच्या नोंदीपेक्षा मोठी आहे.

धार सारखी केली की जोड्यांतला बराचसा फरक विरघळतो. उरतो तो मोलाचा, आणि बहुतेक वेळा तो वेगात मिळणाऱ्या निवांतपणाचा असतो. संध्याकाळी पाय किती थकले, तिथे तो कळतो.

[पडद्यावर: कारागीर मापं लिहून घेतोय]

माझ्या मते हातकामासाठी जास्त पैसे द्यायचं सगळ्यात ठोस कारण वेगळंच आहे: स्की तुमच्या मापानं बनणं. कोलोरॅडोतल्या टेल्युराइडला पीट वॅग्नर 2006 पासून हेच करतात. त्याआधी ते गोल्फच्या काठ्या खेळाडूला जुळवून देण्याच्या कामात होते. वजन, उंची, कुठल्या डोंगरावर कसं उतरता, हे विचारून मग गाभ्याची जाडी ठरते. 50 किलोच्या आणि 95 किलोच्या माणसाला एकाच लांबीची तयार स्की सारखीच मिळते, आणि त्यातल्या एकाला तरी ती बसत नाही. अशा माणसासाठी मापानं बनवलेली जोडी ही चैन म्हणता येणार नाही.

आगाऊ रक्कम देण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या. कड आणि तळ किती जाडीचे आहेत, कारण प्रत्येक घासणीत दोन्ही झिजतात आणि शर्यतीसाठी पातळ ठेवलेली कड लवकर संपते. आणि दुसरं, एक स्की मोडली तर तिच्या जोडीची एकच स्की बनवून मिळेल का. ज्यानं गाभ्याची मापं जपून ठेवली आहेत, त्याला हे जमण्यासारखं आहे. ज्याच्याकडे ती नाहीत, त्याला तुम्हाला पूर्ण जोडीच विकावी लागेल.